वाटाणा गल्लीतले स्पीकर

तार्तूत वाटाण्याच्या नावाची एक गल्ली आहे,
पुढे बटाट्याची, मग घेवड्याची.
लाकडी घरं, दारात रचलेलं जळण,
आणि फेब्रुवारीत सगळ्यांवर सारखाच बर्फ.
तिथून ऊर्वे आली माझ्या दुकानात,
बूट पायपुसण्यावर तीनदा आपटत,
म्हणाली, हेइनो, मला गाणं हवंय घरात.
यंत्रं नकोत. गाणं.

सगळे असंच म्हणतात.
मी नेहमीसारखा दोन्हीकडे हात केला.

इकडे हा एक ठोकळा, पावाएवढा.
आतच सगळं: इंटरनेटवरून गाणं आणणारा,
ते उलगडणारा, मोठं करणारा, बोलणारा.
एक वायर, एक बटण. फोनवरून सांगायचं, झालं.
तिकडे सुटा संसार:
स्ट्रीमर वेगळा, डॅक वेगळा, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा,
स्पीकरची जोडी, आणि मागे
न विंचरलेल्या केसांसारख्या वायरी.

"बिघडलं तर?"
ठोकळा बिघडला तर सगळंच मुकं.
सुट्यात जे बिघडेल तेवढंच काढायचं, बाकीचं राहतं.
"राहतं," ती म्हणाली, "पण वाजत नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
तिच्या घरची गोष्ट मला ठाऊक होती. तार्तू ते केवढंसं.
शरदात काल्यु नदीपलीकडे राहायला गेला,
अ‍ॅम्प्लिफायर घेऊन, तो त्याने स्वतः जोडला होता म्हणून.
स्पीकर तिच्याकडे राहिले, ते तिच्या बापाने दिले होते म्हणून.
पाच महिने अर्धं गाणं या काठाला, अर्धं त्या.
वाटण्या झाल्या की भांडी दुप्पट लागतात;
माझ्यासारख्यांचं दुकान त्यावरच चालतं,
हे मी काही अभिमानाने सांगत नाही.

तिने एक जुनं ध्वनिमुद्रण लावायला सांगितलं.
तिचीच मंडळी, चाळीस बायका-पुरुष, त्र्याऐंशी सालची.
आधी सुट्यावर. ती डोळे मिटून उभी.
"तिसरी रांग. डावीकडून दुसरी मी.
शेजारी लेइडा, श्वास चुकला बघ तिचा.
आणि हा मागचा खर्ज, अर्धी श्रुती खाली,
हा काल्यु."

मग ठोकळ्यावर.
सगळे एकाच शेगडीभोवती दाटीने बसल्यासारखे,
कोण कुठे ते कळेना.
मी मनात म्हटलं, आता ही नाक मुरडणार.

ऊर्वेने हातमोजे काढले. बराच वेळ ऐकलं.
"चाळीस वर्षं मी हेच केलं, हेइनो,
कोण बेसूर आहे ते ओळखत बसले.
हाच बांधून दे.
यात सगळे आहेत, आणि कोणीच सापडत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने स्पीकर आणून दिले, विकायला.
डाव्यावर जिरेनियमच्या कुंडीचा गोल डाग.
मी घासून पाहिला. निघाला नाही.

आठवड्याने काल्यु आला,
टोपी हातात गुंडाळत.
अ‍ॅम्प्लिफायर आहे, म्हणाला, पण बोलायला तोंड नाही त्याला.
मी ठोकळा दाखवला. त्याने पाहिलाही नाही.
नव्या जोड्या दाखवल्या. नको, नको, करत मान हलवत होता
आणि हलवता हलवता थांबला.
अंगठा डाव्या स्पीकरवर टेकला,
डागाच्या कडेने एकदा फिरला, पुरा.

किंमत किती, विचारलं.
कोणाचे, ते विचारलं नाही.
मीही आकड्यापलीकडे काही बोललो नाही.
गिऱ्हाइकाच्या घरात डोकावायचं नसतं, असं माझा बाप म्हणायचा,
आणि दिवसभर खिडकीत उभा राहायचा.

मुलांच्या घसरगाडीला दोरी बांधून
त्याने ते नेले, गोठलेल्या नदीच्या काठाने, पुलाकडे.
मी पावतीची दुसरी प्रत फाइलला लावली.
तिच्यावर लिहिलंय:
जोडी. जुनी. तपासून दिली.
वॉरंटी नाही.